मृगाआधी, हस्तानंतर : मावळातले उभे निवडुंग

निवडुंग आणि लोणावळा ही दोन नावं एका वाक्यात आली की ऐकणारा हमखास विचारतो, तिथं तो जगेल कसा? प्रश्न रास्त आहे. लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. जुलैत एका दिवसात 200 मिलिमीटर पडला तर पुण्याच्या वर्तमानपत्रात बातमी येते, पण गावात कुणी दचकत नाही. मेक्सिकोत तेवाकानचं खोरं आहे. उभ्या निवडुंगांची जगातली अतिशय दाट जंगलं तिथं आहेत आणि 2018 मध्ये युनेस्कोनं त्या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथं अख्ख्या वर्षात पडतो तेवढा पाऊस लोणावळ्यात जुलैचे दोन-तीन दिवस पाडून जातात. अशा गावात खांबासारखा सरळ वर जाणारा निवडुंग लावायचा आणि वर्षानुवर्षं सांभाळायचा, त्यासाठी हे पुस्तक आहे.

तो जगतो. चांगला जगतो, फुलतो, छताला टेकतो. अट एकच, त्याचं वेळापत्रक आपण आपल्या पावसाला विचारून ठरवायचं. निवडुंगांवरची बहुतेक पुस्तकं इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिकेत लिहिली गेली. तिथला माळी थंडीला भितो. नोव्हेंबर ते मार्च तो पाणी तोडतो, झाडं काचघरात कोरडी ठेवतो आणि जून ते ऑगस्ट या त्याच्या उन्हाळ्यात भरपूर पाणी देऊन वाढ करून घेतो. मावळात हेच पाळलं तर झाड श्रावण संपायच्या आत बुंध्याशी मऊ पडतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, पण मुळं कोरडी असली तर निवडुंग तेवढी थंडी सहज सोसतो. त्याला जड जातो तो पाऊस, त्या पावसातली दमट हवा आणि ढगांनी खाल्लेला उजेड. म्हणून आपल्या झाडांच्या विश्रांतीचा काळ जूनमध्ये सुरू होतो आणि वाढीचा काळ दसऱ्यानंतर. पुढच्या प्रकरणांतला सगळा तपशील या एका उलटापालटीतून निघालेला आहे.

त्यातही मावळ म्हणजे एक हवामान नव्हे. पुण्याहून लोणावळा लोकलनं निघालं की तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा अशी स्टेशनं येतात. तळेगाव ते लोणावळा अंतर जेमतेम 30 किलोमीटर. जुलैच्या एखाद्या दुपारी तळेगावात नुसते रस्ते ओले असतात, कामशेतला भाताची खाचरं काठोकाठ भरलेली दिसतात, मळवलीला लोहगड आणि विसापूर ढगात गडप झालेले असतात आणि लोणावळ्यात समोरच्या फलाटावरचा माणूस ओळखू येत नाही. पुणे शहरात वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास, आणि लोणावळ्यात त्याच्या पाच-सहा पट. घाटमाथ्यावर ढग अडतात, तिथंच बहुतेक रिते होतात आणि पूर्वेकडे उरलंसुरलं जातं. टाटांनी वळवण, शिरवता, लोणावळा इथं धरणं बांधून हाच पाऊस साठवला आणि खोपोलीला 1915 मध्ये त्यावर वीज निर्माण केली. एका उद्योगाचा पाया घालणारा पाऊस आपल्या गच्चीवरही पडतो, हे कुंडी ठेवण्याआधी लक्षात घ्यायला हवं. त्यामुळे 'माझ्याकडे उघड्यावर टिकला' असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या गावात? तळेगावचा सल्ला मळवलीत चालत नाही. पवन मावळात धरणाच्या काठी राहणाऱ्याचं गणित आणखी वेगळं, आणि अंदर मावळात डोंगराच्या कुशीत घर असेल तर त्याहून वेगळं.

आता या झाडाकडे जरा जवळून पाहू. उभ्या निवडुंगाच्या अंगावर वरपासून खालपर्यंत धारा असतात, कुणाला पाच, कुणाला वीसहून जास्त. या धारा शोभेच्या नाहीत. पाणी मिळालं की दोन धारांमधली खाच उथळ होते, खोड फुगतं, आणि कोरड्या काळात खाच पुन्हा खोल जाते. साल न फाटता शरीर मोठं आणि लहान करण्याची ही सोय आहे. झाड तहानलेलं आहे का हे समजायला मातीत बोट घालण्यापेक्षा धारांमधली खाच पाहावी. मला तरी यापेक्षा भरवशाची खूण सापडलेली नाही. दुसरी गोष्ट श्वासाची. इतर झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडतात. निवडुंग ती रात्री उघडतो, रात्रीच कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून उन्हाच्या बळावर त्याचं अन्न करतो. पाणी वाचवायची ही पद्धत वाळवंटात मोलाची आहे. पण लोणावळ्याच्या जुलैत हवेतच इतकं बाष्प असतं की खोडातलं पाणी बाहेर जायला वावच उरत नाही. मुळाशी ओल, अंगात ओल, हवेत ओल आणि ऊन नाही, अशा अवस्थेत बुरशीला आमंत्रण द्यावं लागत नाही.

उभा निवडुंग मावळाला अगदी परका वाटत नाही, याचं कारण सह्याद्रीचे स्वतःचे काटेरी खांब. लोहगडाच्या, तुंगच्या, तिकोन्याच्या बाजूचे उघडे कातळ पाहा. जिथं मूठभर माती धरायला जागा नाही तिथं त्रिधारी निवडुंगाचे आणि त्याच्या भाईबंदांचे झुपके उभे असतात. शेताच्या बांधावर, गोठ्यामागे कुंपण म्हणून शेर आणि निवडुंग लावायची रीत आपल्या गावांना जुनी आहे. पुण्यात नाना पेठेतल्या विठोबाला निवडुंग्या विठोबा म्हणतात आणि तुकोबांच्या पालखीचा मुक्काम तिथं असतो. पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं कड्यावरचे हे खांब वेगळ्या कुळातले, एरंडाच्या कुळातले. नखानं ओरखडा काढला की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. याच चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे थर दोऱ्यावर चढवून आयुर्वेदातलं क्षारसूत्र तयार होतं आणि ते भगंदरावर वापरतात. खऱ्या कॅक्टसच्या अंगात साधा पाणीदार किंवा बुळबुळीत रस असतो आणि त्याचा प्रत्येक काटा लवेच्या एका बारीक उशीतून निघतो. ती उशी दिसली की झाड अमेरिका खंडातलं समजावं. कॅक्टसच्या कुळात दीड हजाराच्या आसपास जाती आहेत. त्यांपैकी एकच, झाडांवर लोंबणारी रिप्सॅलिस, अमेरिकेबाहेर आफ्रिकेत आणि श्रीलंकेत आपणहून पोचली. बाकी सगळ्या माणसानं आणल्या.

आणलेल्यांपैकी फड्या निवडुंगानं आपल्या मुलखात एके काळी फार जागा अडवली होती. कोचिनीलचा लाल रंग देणारे किडे 1795 मध्ये ब्राझीलहून कोलकात्याला आणले गेले. ते निघाले वेगळ्याच जातीचे. त्यांनी रंग फारसा दिला नाही, पण निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली. दख्खनमधल्या फड्याला ते शिवले नाहीत. त्याला आवरणारा किडा 1926 मध्ये श्रीलंकेतून दक्षिण भारतात आला, आणि त्यानंतरच माळरानं मोकळी होऊ लागली. आज त्याच किड्याचे पांढरे कापसासारखे पुंजके रस्त्याकडेच्या फड्यावर दिसतात. बोटानं चिरडले तर बोट लालभडक होतं. मराठी घरांत रात्री फुलणारं जे ब्रह्मकमळ आहे, ज्याच्यासाठी शेजारीपाजारी बोलावले जातात, तेही मेक्सिकोकडचा एक कॅक्टसच आहे. ड्रॅगन फ्रूट तर आता सोलापूर-सांगलीकडे एकरांनी लावतात. तेव्हा 'काटेरी झाड घरात नको' म्हणणाऱ्या आजीच्याच गॅलरीत एक कॅक्टस बहुधा आधीपासून नांदत असतो. त्यानं घराचं काही वाईट केलेलं नाही, एवढं तिला प्रेमानं दाखवून द्यावं.

वेळापत्रकासाठी मावळातल्या शेतकऱ्याचं नक्षत्रांचं गणित मला इंग्रजी महिन्यांपेक्षा सोयीचं वाटतं, कारण ते पावसावरच बेतलेलं आहे. रोहिणी 25 मेच्या सुमारास लागते. तिच्या आधी झाडांना शेवटचं पोटभर पाणी द्यायचं. मेमधले वळवाचे पाऊस झाडांवर खुशाल पडू द्यावेत. वर्षभराची धूळ धुऊन निघते आणि ते पाणी विहिरीच्या, बोअरच्या जड पाण्यापेक्षा मुळांना मानवतं. गारा मात्र सांभाळाव्या लागतात. कोवळ्या शेंड्यावर गारेचा डाग पडला की तो जन्मभर राहतो. 7-8 जूनला मृग लागतो. त्याआधी सगळं छताखाली गेलेलं असलं पाहिजे. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा ही नक्षत्रं पूर्ण कोरडी काढायची. मनगटाएवढा जाड खांब चार महिने पाण्याशिवाय आरामात राहतो, धारा थोड्या आत जातात इतकंच. पेन्सिलीपेक्षा बारीक रोपांना श्रावणातल्या उघडिपीत, ऊन असेल त्या सकाळी, थोडा फवारा द्यावा आणि संध्याकाळपर्यंत माती वर कोरडी झाली आहे ना ते पाहावं. हस्त 10 ऑक्टोबरच्या आसपास संपतो. हस्ताचा हत्ती गेल्याखेरीज छत काढू नये, कारण तो जाताना एकदा सोंड आपटून जातो, हे मावळात सगळ्यांना ठाऊक आहे.

पाणी सुरू करताना घाई चालत नाही. चार महिन्यांत बारीक मुळ्या वाळून गेलेल्या असतात, त्यामुळे पहिलं पाणी अगदी हलकं, मग आठवडाभर थांबून दुसरं, आणि तिसऱ्या वेळी कुंडीच्या बुडातून वाहेपर्यंत. ऑक्टोबरचं ऊनही थेट देऊ नये. ढगाळ हवेत राहिलेली साल दोन दिवसांत भाजून पिवळी पडते आणि तो चट्टा भरून येत नाही. पंधरवडाभर हिरवी शेडनेट, मग उघडं ऊन. हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा पाणी पुरतं. खरी वाढ होते ती शिमग्यापासून वळवापर्यंत. तेव्हा आठवड्याला भरपूर पाणी आणि महिन्यातून एकदा नत्र कमी, पालाश जास्त असलेलं खत. एप्रिल संपला की खत बंद. नत्रावर फुगलेलं कोवळं खोड पावसाळ्यात सर्वांत आधी जातं.

छताबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, पण त्यातली एक गोष्ट इथंच सांगायला हवी. लोणावळ्याचा पाऊस तिरपा येतो. पश्चिमेकडून वारा घेऊन आलेला पाऊस छताखाली पाच-सहा फूट सहज शिरतो, म्हणून वरच्या छताइतकाच पश्चिमेचा आडोसा महत्त्वाचा. या कामासाठी मावळात एक चांगलं साधन हाताशी आहे. तळेगाव आणि पवन मावळ भागात गुलाबाची पॉलिहाउसं आहेत. फेब्रुवारीत प्रेमदिनासाठी तिथली फुलं परदेशी जातात. त्या पॉलिहाउसांवरचा 200 मायक्रॉनचा कागद काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि उतरवलेल्या कागदातला बराचसा भाग घरगुती छताला उत्तम चालतो. तो उजेड पसरवतो, त्यामुळे झाडाला चहूबाजूंनी प्रकाश मिळतो. बाजू जमिनीपासून दोन हात उघड्या ठेवाव्यात. हवा खेळली नाही तर छताला आतून पाणी धरतं आणि ते थेंब नेमके शेंड्यावर पडतात. ज्यांना जमेल त्यांनी एक साधा पंखा लावावा, दुसऱ्या कुठल्याही औषधापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

माती तर मावळात पायाखालीच आहे. काळी माती पूर्ण वर्ज्य. चाळलेला मुरूम दोन भाग, विटांचे तुकडे किंवा धुतलेली बारीक खडी एक भाग, आणि तांबडी माती व कुजलेलं शेणखत मिळून एक भाग, हे वडगाव-तळेगावचं प्रमाण. कामशेतच्या वर गेलं की शेणखत निम्मं करायचं. मुरूम चाळताना खाली जी भुकटी पडते ती टाकून द्यायची. तीच कुंडीच्या तळाशी बसून छिद्र बुजवते. कोकोपीट लोणावळ्यात नको. एकदा भिजलं की आश्लेषा संपेपर्यंत वाळत नाही. कुंडी मातीची, तिच्याखाली दोन विटा, आणि चार फुटांवरच्या खांबाला बुडाशी दगडांचं वजन, कारण वाऱ्यानं कलंडलेला खांब पडतो तो शेजारच्या तिघांना घेऊन.

पावसाळ्यात पाणी का तोडायचं, याचा पुरावा झाडं अंगावर घेऊनच उभी असतात. बारमाही पाणी मिळालेला एखादा जुना सिरियस निवडुंग बंगल्याच्या फाटकापाशी पाहावा. त्याचं खोड एकसारखं जाड नसतं. हातभर जाड भाग, मग एकदम बारीक झालेली मान, पुन्हा जाड भाग, पुन्हा मान. प्रत्येक मान म्हणजे एक पावसाळा. जूनमध्ये पाणी भरपूर आणि ऊब पुरेशी असते, पण उजेड नसतो. झाड उजेडाच्या शोधात बारीक होऊन वर धावतं. ऑक्टोबरात ऊन मिळालं की शेंडा पुन्हा रुंदावतो. खालची मान मात्र तशीच राहते, आणि पुढं वरचं वजन वाढलं की सोसाट्याच्या वाऱ्यात खांब तिथंच मोडतो. मानांच्या खुणा मोजल्या तर झाड किती वर्षं तिथं आहे ते कळतं. कोणत्या वर्षी पाऊस लांबला तेही मानेच्या लांबीवरून थोडंफार कळतं. कोरडा ठेवलेला खांब त्या चार महिन्यांत वाढतच नाही, म्हणून त्याला मानही पडत नाही. तळेगावात छताखाली वाढलेला आणि खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा खांब पाहिला की त्या घरातल्या माणसानं प्रत्येक पावसाळा शिस्तीनं काढला आहे, हे न विचारता समजतं. मला अशा झाडासमोर उभं राहायला फार आवडतं.

कोणती जात घ्यावी, हा नवख्यांचा पहिला प्रश्न असतो. सुरुवात सिरियसपासून करावी. नर्सरीत 'पेरूव्हियानस' म्हणून मिळणारा सिरियस मुळात दक्षिण ब्राझील-उरुग्वेकडचा. तिथं पाऊस बऱ्यापैकी असतो, त्यामुळे तो मावळाला सरावतो, आणि वडगावच्या पूर्वेला उंचवट्यावर, मुरमाड जमिनीत तो उघड्यावरही उभा राहतो. मर्टिलोकॅक्टस निळसर, धडधाकट आणि कलमासाठी उत्तम खुंट. मेक्सिकोत कुंपणासाठी लावतात तो पॅकिसिरियस मार्जिनेटस सरळ रेषेत वाढतो आणि छोट्या गॅलरीत शोभतो. आकाशी रंगाचा पिलोसोसिरियस सगळ्यांना हवा असतो. तो ईशान्य ब्राझीलचा, त्याला ऊब आवडते आणि मावळाची थंडी जाणवते; छत तर हवंच. बोलिव्हियाचा चंदेरी क्लीस्टोकॅक्टस डोंगराळ मुलखातला असल्यानं लोणावळ्याच्या गार हवेत खूश असतो. लोकर पांघरलेले दोघे, मेक्सिकोचा सेफॅलोसिरियस सेनिलिस आणि पेरूचा एस्पोस्टोआ, हे पावसाळ्यात जपायचे. त्यांच्या लोकरीत ओल धरली की आत बुरशी चढते आणि बाहेरून कळतही नाही. चित्रपटांतून ओळखीचा झालेला सग्वारो मागणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी एवढंच सांगतो की ॲरिझोनात पहिल्या आठ-दहा वर्षांत तो बोटाच्या पेरापेक्षा फारसा उंच होत नाही आणि पहिली फांदी फुटायला 50 ते 75 वर्षं लागतात. नातवंडांसाठी लावायचा असेल तर जरूर लावावा.

कुजणं हा या छंदातला सर्वांत कठीण प्रसंग, आणि त्यावर निर्णय लवकर घ्यावा लागतो. बुंध्याशी रंग तपकिरी झाला, बोटानं दाबल्यावर खोड आत गेलं, की झाड मुळासकट वाचवायचा विचार सोडून द्यावा आणि वरचा भाग वाचवावा. धारदार सुरी स्पिरिटनं पुसून आडवा काप घ्यायचा. कापलेल्या तोंडावर मधोमध एक वर्तुळ दिसतं, त्या झाडाच्या रसवाहिन्या. वर्तुळावर नारिंगी-तपकिरी ठिपका दिसला तर आजार वर पोचलेला असतो. सुरी पुन्हा पुसून दोन बोटं वर पुन्हा काप, आणि वर्तुळ स्वच्छ, हिरवट-पांढरं दिसेपर्यंत असंच वर जात राहायचं. प्रत्येक कापानंतर सुरी पुसायचीच. मग तोंडाच्या कडा तिरप्या छाटायच्या, नाहीतर वाळताना साल आक्रसते आणि मधला भाग खोल जाऊन पुढं तिथं पाणी साचतं. तोंडाला गंधकाची पूड लावायची आणि तुकडा उभा ठेवायचा. आडवा ठेवला तर मुळ्या कुशीतून फुटतात आणि शेंडा वर वळतो. एप्रिलमध्ये तोंड दोन-तीन आठवड्यांत वाळतं. जुलैत पंख्याखाली ठेवूनही महिना-सव्वा महिना लागतो, आणि तेवढा धीर धरावा. पिठ्या ढेकूण, खवले कीड, उन्हाळ्यातला लाल कोळी आणि पावसाळ्यातल्या शंखी गोगलगायी यांचं प्रकरण पुढे आहेच.

संग्रह करणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. जगातल्या निवडुंगांचा मोठा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 31 टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं, आणि त्यामागच्या कारणांमध्ये संग्राहकांसाठी जंगलातून उपटून नेणं हेही एक मोठं कारण आहे. इटलीत 2020 मध्ये चिलीच्या वाळवंटातून चोरलेले हजाराहून जास्त निवडुंग पकडले गेले. त्यांतले बरेचसे पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवावे लागले. जवळजवळ सगळे कॅक्टस आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात येतात, आणि परदेशातून कागदपत्रांविना रोप मागवणं हा गुन्हा आहे. आपल्या घरातलंही पाहू. जुन्नरजवळ डालझेल यांनी शोधलेली आणि 1865 मध्ये शास्त्राच्या नोंदीत आलेली शिंदळ माकडी ही रसाळ वनस्पती कॅक्टस नव्हे, पण आपल्याच जिल्ह्यात शिवनेरीच्या, वज्रगडाच्या कड्यांवर तग धरून आहे. ती आणि माकडशिंग गडावरून उपटून कुंडीत आणण्याचा मोह कुणालाही होऊ नये. बियांपासून वाढवलेली किंवा कापून लावलेली रोपं घ्यावीत. बी दसऱ्यानंतर पेरलं तर रोपांना पहिल्या पावसाळ्याआधी सलग आठ कोरडे, उजेडाचे महिने मिळतात. चाळलेल्या ओल्या मुरमावर बी नुसतं पसरायचं, वर माती टाकायची नाही, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं. एक-दोन आठवड्यांत हिरवे मणी दिसू लागतात. प्रत्येक कुंडीत नाव, कुठून आलं आणि कोणत्या वर्षी, अशी पट्टी पेन्सिलीनं लिहून खोचावी. पेनाची शाई एका उन्हाळ्यात उडते. नाव हरवलेला संग्रह पुढच्या माणसाच्या हातात गेला की त्याची नुसती झाडं होतात.

फुलाविषयी लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. सिरियस डोक्याएवढा उंच झाला की एखाद्या मेपासून पुढं, बहराबहरानं, धारेवर लांब हिरवी कळी येते. ती दिवसा बंद असते. अंधार पडल्यावर उघडायला लागते आणि नऊ-दहापर्यंत हाताच्या पंजाएवढं पांढरं फूल पूर्ण उमलतं. अमेरिकेत त्यावर वटवाघळं आणि मोठे पतंग येतात. आपल्याकडेही हॉक पतंग येताना मी पाहिले आहेत, सोंड सोडून फुलासमोर हवेत थांबतात. सकाळचं ऊन लागताच फूल मान टाकतं. मावळात ही फुलं बहुतेक वेळा फळ न धरताच गळतात. त्यात पतंगांचा दोष नाही. सिरियस स्वतःच्या परागांवर फळ धरत नाही, आणि आपल्या भागातले पुष्कळसे सिरियस एकाच झाडाच्या फांद्या हातोहात वाटल्यानं पसरलेले आहेत, म्हणजे परागांच्या दृष्टीनं ते सगळे एकच झाड. म्हणून ज्यांना फळ आणि बी हवं असेल त्यांनी वेगळ्या मुळाची फांदी मिळवावी, बियांपासून वाढवलेल्या सिरियसची असेल तर फारच चांगलं. दोन्हीला एकाच रात्री फूल आलं तर रंगाचा मऊ ब्रश घेऊन दहाच्या सुमारास एकाचे पराग दुसऱ्याच्या मधल्या हिरवट चांदणीवर लावावेत. एकाला आधी फूल आलं तर पराग कागदाच्या पुडीत बांधून, कोरड्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवावेत. काही दिवस ते टिकतात. धरलेलं फळ दीड महिन्याच्या आसपास गुळगुळीत, लालसर होतं आणि आपणहून उकलतं. आतला गर पांढरा, गोडसर, खाण्याजोगा आणि काळ्या बियांनी भरलेला. बिया गरातून धुऊन, कागदावर वाळवून, नाव आणि तारीख लिहून ठेवाव्यात, आणि दसऱ्याला त्यातल्या निम्म्या पेरून निम्म्या दुसऱ्या गावातल्या एखाद्या निवडुंगवाल्याला द्याव्यात.